आपल्या जागेत मारामारी झाली, मधे पडून एकाचं डोकं वाचवलं, आणि गुन्हा माझ्यावर. कायदा काय म्हणतो?

येरळाकाठ:

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात आमचं मंगल कार्यालय आहे. वडिलांनी उभं केलं, आता मी बघतो. या लग्नसराईत जे घडलं ते सविस्तर लिहितो. इथे वकील आहेत, पोलीस खात्यातली माणसं आहेत, म्हणून विचारतोय.

गोरज मुहूर्ताचं लग्न. जेवणं उरकत आली होती, वरात निघायची होती. रात्री दहा वाजले म्हणून मॅनेजरने डीजे बंद करायला लावला. त्यावरून नवरदेवाकडची पोरं आणि मुलीकडची माणसं यांची तोंडातोंडी झाली आणि बघता बघता खुर्च्या उडायला लागल्या. दोन्हीकडचे मिळून पंधरा-वीस जण असतील. मॅनेजरने लगेच ११२ ला फोन लावला. भांडण सरकत सरकत भटारखान्याच्या दारापर्यंत आलं. तिथे मुलीचा मामा पाय घसरून पडला. नवरदेवाकडच्या एका पोराने आचाऱ्याचा लोखंडी झारा उचलला. लांब दांड्याचा, जाड पात्याचा, बुंदी पाडायचा तो. त्याने तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. मामा खाली, एक हात तोंडावर आडवा धरलेला. मी मागून त्या पोराचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. झारा खाली पडला, पोरगा पायरीवर कोसळला. मी झारा पायाने बाजूला सारला आणि त्याला उठवलं. त्याचा हात लगेच सुजला, तेव्हा माझ्याच गाडीतून दवाखान्यात नेला. मनगटाचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी व्याही-व्याही बसले, मिटवून घेतलं. सोयरीक आहे, ते एक झाले याचा मला आनंदच आहे. पण आठवड्याभराने त्या पोराच्या वडिलांनी माझ्याविरुद्ध फिर्याद दिली. कलम ११७(२) लागलंय, पोलिसांची नोटीस आलीय. मामांना फोन केला तर म्हणाले, "नात्यातला मामला आहे, मला यात ओढू नका." व्हॉट्सॲपवर जो व्हिडिओ फिरतोय तो सुरूच होतो मी मनगट पिरगाळतो तिथून.

जागा माझी, धोका डोळ्यांसमोर. हात बांधून बघत बसायला हवं होतं का? माझा हक्क नेमका काय?

---

रांगडा_गडी:

दादा, तुमची जागा म्हणजे तुमचा अधिकार. आपल्या हद्दीत कोणी दांडगाई केली तर झोडायचा हक्क आहेच की. अमेरिकेत तर घरात घुसला तर गोळी घालतात आणि कोर्ट सोडून देतं. घाबरू नका.

---

कर्वेनगरकर:

तुम्ही स्वतः त्याला दवाखान्यात नेलंत ना? मग मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आहे, त्याखाली तुमच्यावर गुन्हा दाखलच होऊ शकत नाही असं वाचलंय.

---

कोर्टकट्टा:

मी फौजदारी वकिली करते. दोन्ही प्रतिसादांमुळे गैरसमज होईल, म्हणून आधी त्यांना उत्तर देते.

कर्वेनगरकर, ते संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये आहे, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं. ते रस्ते अपघातातल्या जखमींना मदत करणाऱ्यांसाठी. मारामारीला लागू नाही. पण दवाखान्यात नेलं ही गोष्ट दादांच्या फार उपयोगाची आहे, ती वेगळ्या कारणासाठी. पुढे येतेच.

रांगडा_गडी, अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे आपल्याला लागू नाहीत. आपल्याकडे "माझी हद्द" एवढ्यावर कुणाला झोडता येत नाही. हक्क आहे, तो बचावाचा. आणि गंमत नाही, खरोखर सांगते, आपल्या कायद्यातला हा हक्क बऱ्यापैकी मोठा आहे. लोकांना तो माहीत नसतो म्हणून ते एकतर दारं लावून घेतात नाहीतर सूड उगवायला जातात.

येरळाकाठ दादा, आता तुमचं. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यातली ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाची, जुनी ९६ ते १०६. तुमचं सगळ्यात महत्त्वाचं कलम ३५: प्रत्येकाला स्वतःच्या शरीराचा आणि *दुसऱ्या कुणाच्याही* शरीराचा बचाव करण्याचा हक्क आहे. मामा तुमचे कोणी लागत नाहीत, चालतं. उलट जागा तुमची असणं इथे दुय्यम आहे. हेच रस्त्यावर घडलं असतं आणि तुम्ही वाटसरू असता तरी हा हक्क तेवढाच होता.

त्याची मर्यादा कलम ३७ मध्ये. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर कायदा हातात घ्यायचा नाही. तुमच्याकडे वेळ किती होता? झारा डोक्यावर गेला होता. ११२ ची गाडी त्या क्षणात येऊ शकत नाही.

आता इजेचं प्रमाण. हाड मोडलं की कायद्याने ती "गंभीर दुखापत" होते, कलम ११६. त्यामुळे ११७(२) लागलं, सात वर्षांपर्यंतची शिक्षा. आकडा मोठा वाटतो. पण कलम ३८ बघा. समोरच्याच्या हल्ल्याने मृत्यू येईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती असेल, तर बचाव हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही जाऊ शकतो. पडलेल्या माणसाच्या डोक्यावर जाड लोखंडी झारा येतोय, तर ती भीती वाजवी नाही असं कोण म्हणेल? तिथे तुम्ही मनगट पिरगाळलंत. हातात काही घेतलं नाहीत.

सुप्रीम कोर्टाचा २०१० चा दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल तुमच्या वकिलांना जरूर दाखवा. जमिनीच्या वादात वडिलांवर हल्ला झाल्यावर मुलाने गोळी झाडली होती. कोर्टाने खासगी बचावाची तत्त्वं एकेक करून मांडली आणि त्याला सोडलं. हल्ला होत असताना माणसाने पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, आणि त्या क्षणी त्याने किती जोर लावला हे सोन्याच्या तराजूत तोलायचं नसतं, असं आपली न्यायालयं कितीतरी वर्षं सांगत आली आहेत.

दवाखान्याचं महत्त्व आता सांगते. कलम ४० प्रमाणे हा हक्क भीती असेतोवरच टिकतो. झारा पडला, पोरगा कोसळला, तिथे तुमचा हक्क संपला. त्यानंतर एक लाथ जरी घातली असती तर तो स्वतंत्र गुन्हा होता आणि त्याला बचाव म्हणता आलं नसतं. १९६३ च्या जय देव खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच केलं: समोरचे पळायला लागल्यावरही गोळ्या झाडल्या, म्हणून बचाव नाकारला. तुम्ही झारा बाजूला सारला आणि त्याला गाडीत घातलंत. तुमच्या मनात मारायचं नव्हतं हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

---

येरळाकाठ:

मॅडम, खूप बरं वाटलं वाचून. घरात सगळे धास्तावलेत. वडील म्हणतात, "चाळीस वर्षांत पोलीस ठाण्याची पायरी चढलो नव्हतो." अटक होईल का? आणि नोटिशीवर पण कलम ३५ लिहिलंय, तेच का हे?

---

कोर्टकट्टा:

नाही, आणि यात वकील सोडून सगळेच गोंधळतात. बचावाचं ३५ न्याय संहितेतलं. नोटीस आहे ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, म्हणजे जुन्या सीआरपीसीची (फौजदारी प्रक्रिया संहितेची) ४१अ. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक न करता आधी हजर राहायला सांगतात, ती ही. दिलेल्या दिवशी जा. हजर राहिलात आणि अटी पाळल्यात तर अटक करायची नाही असा नियम आहे. करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. शिवाय ११७(२) जामीनपात्र आहे. वडिलांना म्हणावं, निश्चिंत राहा.

जबाब देताना "मी काहीच केलं नाही, माझा हातच लागला नाही" असं चुकूनही सांगू नका. बरेच जण घाबरून असं सांगतात आणि मग बचावाचा मुद्दाच कमकुवत होतो. मनगट धरलं, पिरगाळलं, का पिरगाळलं, त्याच्या हातात काय होतं, खाली कोण होतं, हे जसं घडलं तसं सांगा. सोबत लेखी निवेदन द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या.

---

निवृत्त_फौजदार:

मी ग्रामीण पोलीस ठाण्यांत नोकरी केली. मॅडम कायदा सांगतायत, मी ठाण्यात काय होतं ते सांगतो.

लग्नातल्या मारामारीला आमची गाडी पोचते तेव्हा समोर काय दिसतं? फाटलेले सदरे, रडणाऱ्या बायका, आणि प्रत्येकजण सांगतोय की सुरुवात दुसऱ्याने केली. सोडवायला कोण गेलं आणि मारायला कोण गेलं हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून दोन्हीकडून फिर्यादी घेतल्या जातात, सोडवणारासुद्धा त्यात सापडतो. त्यात अंमलदाराची दुष्टाई असते असं नाही. त्याला कागद लागतो.

तुमच्याकडे पहिला कागद आहे मॅनेजरचा ११२ चा कॉल. त्याची वेळ नोंदलेली असते. भांडण भटारखान्यापर्यंत येण्याआधीच तो गेला होता, म्हणजे तुम्ही आधी पोलिसांना बोलावलं आणि मग नाइलाजाने मधे पडलात. मॅनेजरच्या मोबाइलमधली ती नोंद पुसू देऊ नका.

दुसरं, तो झारा कुठे आहे?

आणि सावध राहा, अशा प्रकरणात शांतता राखण्याच्या बंधपत्रासाठी "चॅप्टर केस" पण होते, पूर्वीचं १०७, आता सुरक्षा संहितेचं १२६. दोन्ही गटांबरोबर तुमचंही नाव घातलं तर तहसीलदारांकडे तारखा पडतील. तो गुन्हा नव्हे, शिक्षा नव्हे. पण तारीख चुकवू नका, तिथेही तेच निवेदन जोडा.

---

येरळाकाठ:

झारा आचाऱ्याचा. तो भांडी घेऊन पहाटेच पुढच्या लग्नाला गेला. तेव्हा माझ्यावर काही गुन्हा नव्हता, कुणी जप्त पण केला नाही. आचारी ओळखीचा आहे, त्याने सगळं पाहिलंय.

---

निवृत्त_फौजदार:

धुतला तरी चालेल, त्यावर रक्त नव्हतंच. तपासी अंमलदाराला आचाऱ्याचं नाव लेखी द्या. झारा पंचनाम्याने जप्त करता येतो; त्याची लांबी, वजन, पात्याची जाडी पंचनाम्यात आली पाहिजे. "भांडं" असं मोघम लिहिलं तर कोर्टाला वाटेल भाताचा डाव होता.

आणि आचारी, वाढपी हे तुमचे खरे साक्षीदार. ते कुणाचे सोयरे नाहीत.

---

नीरेकाठ:

आमचं पण लॉन आहे, म्हणून जिवाचा आकांत कळतो. आमच्याकडे अशा वेळी मुख्य गेटला कुलूप लावतात, पोलीस येईपर्यंत एकालाही बाहेर सोडत नाहीत. हे बरोबर का?

---

कोर्टकट्टा:

नाही, कृपा करून बंद करा हे. आधी जिवाचा विचार करा: आत भटारखाना आहे, गॅसची सिलिंडरं आहेत, म्हातारी माणसं, लहान मुलं आहेत. चेंगराचेंगरी झाली तर काय?

कायद्यानेही चूक. माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध कोंडणं हा कलम १२७ खाली गुन्हा आहे. नागरिकाला कुणाला धरून ठेवायचा अधिकार सुरक्षा संहितेच्या कलम ४० ने आहे, पण त्याला अट आहे. गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा आणि तो दखलपात्रही हवा (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा), अजामीनपात्रही हवा. साधी मारहाण, कलम ११५(२), अदखलपात्र आहे, तिची एनसी (अदखलपात्र नोंद) होते. हाड मोडलं ते ११७(२) दखलपात्र खरं, पण जामीनपात्र. म्हणजे दोन्हींत तुम्ही कुणाला धरून ठेवू शकत नाही. कुणी सुरा खुपसला, जीव घ्यायला धावला, तर धरा. आणि धरलंत तर विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्या. झाडाला बांधून चोपणं, व्हिडिओ काढणं, हे काही त्या कलमात नाही.

---

निवृत्त_फौजदार:

गेटवर कुलूप लावण्यापेक्षा गाड्यांचे नंबर टिपायला एक माणूस उभा करा. आम्हाला त्याचाच उपयोग जास्त होतो.

---

नीरेकाठ:

समजलं, आजच सांगतो माणसांना. मग आम्ही मालकांनी नुसता फोन करून बाजूला व्हायचं का? लोक म्हणतात मालकाने मधे पडूच नये, अंगाशी येतं.

---

कोर्टकट्टा:

हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत. जागामालकांना एक कलम जवळजवळ कुणालाच ठाऊक नसतं: न्याय संहितेचं १९३. जुनं १५४ ते १५६.

पाच किंवा जास्त लोकांचा बेकायदेशीर जमाव जमला किंवा दंगा झाला, तर ज्या जमिनीवर तो झाला तिच्या मालकाने किंवा ताबा असणाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याला शक्य तितक्या लवकर कळवायला हवं. दंगा होणार असं वाटण्यासारखं कारण असेल तर तो टाळायला, आणि सुरू झाला तर मोडायला, आपल्या हातातले सगळे कायदेशीर उपाय करायला हवेत. जाणूनबुजून हे केलं नाही तर एक हजार रुपयांपर्यंत दंड. मॅनेजरला ठाऊक असून त्याने हे केलं नाही, तरी मालक यातून सुटत नाही.

दंड किरकोळ आहे. महत्त्वाचं हे की आपला कायदा जागामालकाला बघ्या समजत नाही. तुमच्या लॉनवर दोन गट एकमेकांवर तुटून पडले तर काहीतरी करणं हे तुमचं काम आहे असं कायदाच म्हणतो. "मालक मधे का पडला" या प्रश्नाला येरळाकाठ दादांच्या बाजूने हे थेट उत्तर आहे, मी त्यांची वकील असते तर पहिल्या पानावर टाकलं असतं.

कायदेशीर उपाय म्हणजे काय? माइकवरून मोठ्याने सांगणं: "कार्यक्रम थांबवला आहे, जागा सोडा, पोलिसांना कळवलं आहे." दिवे पूर्ण लावणं. भटारखाना बंद करणं, सुऱ्या, झारे, सळया उचलून आत टाकणं. बायका-मुलांना दुसऱ्या दाराने काढणं. आणि मधे शिरून माणसं अलग करणं.

माइकवरच्या त्या वाक्याला कायद्यात वजन आहे. पाहुणा रीतसर आत आलेला असतो. पण जा म्हटल्यावरही धमकावण्याच्या, त्रास देण्याच्या इराद्याने थांबला तर कलम ३२९ प्रमाणे तो फौजदारी अतिक्रमण करतोय. तेव्हा मालमत्तेच्या बचावाचा हक्क सुरू होतो आणि अतिक्रमण चालू असेतोवर टिकतो. दंडाला धरून बाहेर काढता येतं. त्यापलीकडे, जीव जाईल अशी इजा नुसत्या अतिक्रमणासाठी कधीच नाही. मालमत्तेसाठी तेवढी मुभा कलम ४१ मध्ये मोजक्या प्रसंगांत आहे: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यान केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं किंवा स्फोटकं वापरणं, किंवा चोरी-अतिक्रमण अशा रीतीने चाललंय की जिवाची किंवा गंभीर दुखापतीची भीती आहे. तुटलेल्या खुर्च्या त्यात बसत नाहीत.

---

रांगडा_गडी:

मॅडम, माझा समज चुकीचा होता, मान्य. एक विचारतो. आमच्या गावात एकदा दोघांचं जुंपलं, मी माझ्या मित्राच्या बाजूने उतरलो. त्याला मार बसत होता. मग मी पण "दुसऱ्याचा बचाव" केला असंच ना?

---

कोर्टकट्टा:

सुरुवात कुणी केली होती त्यावर आहे. बचाव हा गुन्हा नाही, त्यामुळे बचावाविरुद्ध बचाव करता येत नाही. तुमच्या मित्राने आधी काठी उगारली आणि समोरचा स्वतःला वाचवायला त्याला मारत होता, तर त्या माणसाला मारायचा हक्क तुमच्या मित्राला नव्हता, मग तुम्हाला तो कुठून येणार? आणि दोघंही ठरवून लढायला उतरले असतील तर दोघांनाही हा हक्क नाही. खरोखर गैरसमज झाला, सद्भावनेने वाटलं की हा निरपराध आहे, तर कलम १४ आणि १७ मध्ये अशा वस्तुस्थितीच्या चुकीला जागा आहे. पण ते कोर्टात पटवून द्यावं लागतं.

म्हणूनच माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं असतं की कुणाच्या बाजूने उतरू नका. हत्यार ज्याच्या हातात आहे त्याचा हात धरा. तुम्हाला भांडणाची सुरुवात माहीत नसते, हत्यार मात्र दिसत असतं.

आणि समोरचा दारू प्यायलेला असला तर? "तो शुद्धीत नव्हता" ही सबब तुमच्या बचावाच्या आड येत नाही, कलम ३६. दारुड्याच्या हातातल्या झाऱ्यापासूनही तेवढाच बचाव.

---

अंगणवेल:

मी नाशिकला असते. घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. भाडेकरू नवरा-बायको आहेत. तो बायकोला मारतो. भिंतीपलीकडून आवाज येतात, मला रात्र रात्र झोप लागत नाही. आमचे हे म्हणतात, दुसऱ्याच्या संसारात पडू नको, खोली आता त्यांच्या ताब्यात आहे. मी दार वाजवलं तर तो उलट माझ्यावरच केस करेल का?

---

कोर्टकट्टा:

ताई, खोली त्यांच्या ताब्यात आहे हे खरं. मालकीण म्हणून किल्लीने उघडून कधीही आत जाता येणार नाही. पण दार वाजवायला, हाक मारायला कुणाची परवानगी लागत नाही. "मी बाहेर उभी आहे, पोलिसांना फोन केलाय" एवढं ओरडलात तरी अनेकदा हात थांबतो.

आतून जीव जाईल असा आवाज येत असेल, तर कलम ३५ मधला दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क तुम्हालाही आहे. मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने छोटी हानी केली तर तो गुन्हा नाही, कलम १९. जीव वाचवायला दार तोडणं त्यात येतं. अतिक्रमणाला त्रास देण्याचा किंवा गुन्हा करण्याचा इरादा लागतो, तो तुमचा नाही. फक्त एकट्या शिरू नका, शेजारी गोळा करा, आणि ११२ ला फोन आधी.

रोजच्या मारहाणीसाठी मात्र २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ४ तुमच्यासाठीच आहे. हिंसाचार होतोय किंवा होणार असं वाटायला कारण असलेली *कोणीही* व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने कळवलंत तर तुमच्यावर दिवाणी ना फौजदारी, कसलीच जबाबदारी येत नाही, असं त्या कलमातच लिहिलंय. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि नवरा घरात नसेल तेव्हा तिच्याशी बोला. तिला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, १५१०० वर फोन करा.

---

अंगणवेल:

उद्या सकाळी तो कामावर गेला की जाते तिच्याकडे. कलम ४ चं छापून ह्यांना पण दाखवते.

---

लेस्टरवासी:

थोडं अवांतर. इंग्लंडमध्येही कायदा "वाजवी बळ" एवढंच मागतो. राहत्या घरात घुसखोर आला तर घरमालकाला २०१३ पासून जरा जास्त सवलत आहे, त्याने घाबरून केलेली कृती अगदीच अवाजवी नसेल तर चालते. इथलं आमचं मराठी मंडळ कार्यक्रमाला हॉल घेतं तेव्हा आम्ही परवानाधारक सुरक्षा रक्षक ठेवतो. तिकडे बाउन्सर ठेवले तर मालकाची जबाबदारी कमी होते का?

---

निवृत्त_फौजदार:

आपल्याकडेही खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. पण रक्षकाला किंवा बाउन्सरला सामान्य नागरिकापेक्षा एक कणही जास्त अधिकार नाही. त्याने जास्त मारलं तर तो आरोपी, आणि मालकाच्या सांगण्यावरून मारलं असेल तर मालकही. शरीर बघून ठेवू नका, कागद बघून ठेवा.

---

येरळाकाठ:

जाऊन आलो ठाण्यात. वकील सोबत होते. जबाब झाला, निवेदन दिलं, पोच घेतली. साहेब नीट बोलले.

आमच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधलं भटारखान्याकडचं फुटेज शिल्लक नव्हतं, जुनं आपोआप पुसलं जातं. पण काल लग्नाच्या फोटोग्राफरकडे गेलो. त्याचा दुसरा कॅमेरावाला जेवणाच्या पंगतीचं शूटिंग करत होता, मारामारी सुरू झाली तेव्हा त्याने कॅमेरा बंद केलाच नाही. त्यात सगळं आहे. मामा पडतायत, झारा वर जातोय, मी येतोय, आणि मी झारा पायाने सारतोय ते पण. मंडळी, ते बघताना हात थरथरत होते माझे. मला स्वतःला पण आठवत नव्हतं तो झारा किती वर गेला होता.

---

कोर्टकट्टा:

देव पावला. आता घाई करा पण नीट करा. ती फाइल व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, कापू नका, नाव बदलू नका. मूळ मेमरी कार्ड फोटोग्राफरने तसंच बाजूला ठेवावं, पोलिसांनी पंचनाम्याने घ्यावं. प्रत द्यायची झाली तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ब. नव्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायचं असतं. पोलीस फुटेज घेत नसतील तर लेखी अर्ज तपासी अंमलदाराला, त्याची प्रत पोलीस अधीक्षकांना.

मामांच्या मागे लागू नका. ते आले तर उत्तम, नाही आले तरी खटला अडत नाही. बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते हे खरं, साक्ष अधिनियम कलम १०८. पण ती सरकार पक्षासारखी निःसंशय सिद्ध करावी लागत नाही. असं घडलं असण्याची शक्यता जास्त दिसते, एवढं पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही दाखवता येतं. १९६८ च्या मुन्शी राम निकालात सुप्रीम कोर्टाने तर म्हटलंय की आरोपीने बचाव मांडला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाने विचारात घ्यावा.

---

येरळाकाठ:

पुढे काय काय होऊ शकतं? पोराचे वडील काल निरोप पाठवत होते, दवाखान्याचा खर्च द्या, केस मागे घेतो म्हणून.

---

कोर्टकट्टा:

पोलिसांना फुटेज पटलं तर ते सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवू शकतात, मॅजिस्ट्रेटने मान्य केली की विषय संपला. दोषारोपपत्र आलं तर कागद मिळाल्यापासून साठ दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, सुरक्षा संहिता २६२. पण बचावाचा मुद्दा बहुतेक वेळा साक्षीपुराव्यानंतरच सुटतो, त्यामुळे तिथे नाकारला तर खचू नका. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करायला कलम ५२८ आहे, आणि तुम्हाला आता मुंबईला जायला नको, ऑगस्ट २०२५ पासून सांगलीची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

खर्चाचं: ११७(२) मध्ये कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. माणुसकी म्हणून मदत करावीशी वाटली तर तुमचा निर्णय. पण तोंडी बोलण्यावर पैसे देऊ नका, आणि "मी मारलं म्हणून भरपाई देतो" अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही नको. बोलणी वकिलांमार्फत, पैसे चेकने, ते सुद्धा कोर्टासमोर.

---

नीरेकाठ:

मॅडम, आमच्या बुकिंगच्या पावतीमागे काय छापावं म्हणजे असं झालं तर आधार राहील?

---

कोर्टकट्टा:

जागा कार्यक्रमापुरती वापरायला दिली आहे, ताबा मालकाचाच राहील. भांडण झाल्यास कार्यक्रम थांबवून जागा रिकामी करायला सांगण्याचा आणि पोलिसांना बोलावण्याचा अधिकार मालकाला व मॅनेजरला आहे. डीजे दहाला बंद. मोडतोडीची वसुली डिपॉझिटमधून, उरलेली दोन्ही सह्या करणाऱ्यांकडून. दोन्ही पक्षांतल्या एकेका जबाबदार माणसाचं नाव, मोबाइल आणि सही. आणि हे पावतीमागे बारीक अक्षरात नको, वेगळ्या कागदावर मराठीत, वाचून दाखवून सही घ्या.

---

येरळाकाठ:

आज साहेबांनी कार्यालयात येऊन भटारखान्याच्या दाराचा पंचनामा केला. मेमरी कार्ड पाकिटात सील केलं, फोटोग्राफरचा जबाब घेतला. आचारी झारा घेऊन स्वतः आला होता, मोजला तर दांड्यासकट साडेतीन फूट भरला. वडील शेजारी उभे होते. पुढची तारीख कळली की इथे लिहितो.